न भाजलेलं मीठ

आमच्या गल्लीत कुणाचं काही अडलं की एकच वाक्य ऐकू येतं, "जा, द्वारकाबाईला विचारून ये." द्वारकाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. कढीपत्ता वाढत नसला तर आंबट ताक घाल, गव्हाला किडे लागत असले तर एरंडेलाचा हात फिरवून ठेव, लेकराचं पोट दुखत असलं तर बेंबीभोवती हिंग लाव. आष्टीच्या बाजारातून पिशव्या घेऊन येणाऱ्या बाया आधी आमच्या ओट्यावर टेकतात, मंग आपापल्या घरी जातात. आत्याबाई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसलेल्या असतात, आणि बायांनी काही विचारलं की तोंड असं फुलतं त्यांचं!

पण मी त्याच घरात नांदते ना. आत्याबाई सगळं सांगतात आणि एक गोष्ट गिळतात, हे मला पहिल्या वर्षीच कळलं. कोथिंबीर सुती फडक्यात गुंडाळून ठेव, एवढं सांगतील. ठेवायच्या आधी धुवू नको, हे बिलकुल सांगणार न्हाईत. एकदा मी तोंडावरच विचारलं, तर म्हणल्या, "सगळंच देऊन टाकलं तर उद्या कोण येईल गं माझ्याकडं?"

औंदा शेजारच्या गोजरबाईंनी कैरीचं लोणचं घातलं. आत्याबाईंनी ओट्यावर बसूनच सांगितलं, फोडी फडक्यावर वाळव, तेल कडकडीत तापवून पूर्ण गार कर, बरणीला हिंगाची धुरी दे. खडे मीठ कढईत भाजून कोरडं करून घ्यायचं, तेवढं राह्यलं. राह्यलं कसलं, ठेवलं! हवा दमट, मिठाला पाणी सुटलेलं. थोड्याच दिवसांत बरणीच्या तोंडाशी पांढरी बुरशी धरली.

गोजरबाईंनी बुरशी बघितली आणि लगेच सुनेकडं वळल्या. सून आकांक्षा, लग्न होऊन वर्षसुद्धा झालं न्हाई. "महिन्याच्या अडचणीत असताना हिनंच बरणीला हात लावला!" ती बिचारी शपथा घेऊन राह्यली, "आत्या, त्या दिवशी तसलं काही नव्हतं हो." कोण ऐकतंय! स्वयंपाकघर बंद, ताट ओसरीवर. दूध फाटलं तरी तिचं नाव, पापड मऊ पडला तरी तिचंच. नवरा भारत मोबाईलमधी तोंड घालून बसला, काय उपयोग असल्या गड्याचा? वर गोजरबाई गल्लीला ऐकू जाईल असं म्हणल्या, "पंचमीला माहेरी जाईल ना, मंग तिकडंच राहू दे तिला."

हे ऐकलं आणि आत्याबाईंचा सुपातला हात थांबला. त्या दिवसापासून त्यांचं जेवण गेलं. भाकरी मोडायच्या आणि तशीच ठेवून द्यायच्या.

"तृप्ती, ती पोरगी माझ्यामुळं बाहेर जेवून राह्यली."

"मंग जाऊन सांगा की!"

"काय सांगू? आयुष्यभर तुम्हाला अर्धंच दिलं, म्हणून?"

"हो. बराबर तेच." मी जरा तिखटच बोलले. पण माझाही जीव जळत होता, त्या पोरीची काय चूक?

गेल्या शेवटी. मीही मागं गेले. गोजरबाईंच्या ओसरीवर चार बाया बसल्या होत्या. आत्याबाईंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, मीठ भाजायचं असतं, मी मुद्दाम सांगितलं न्हाई, पोरीचा काही दोष न्हाई. आणि गोजरबाई काय म्हणाव्यात? त्यांनी डोळ्याला पदर लावला. "बघा गं बायांनो, किती मोठं मन! पोरीला वाचवायला सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन राह्यली. द्वारके, तुझ्या हातचं कधी नासलंय का?" बायांनी माना डोलवल्या. आत्याबाईंसाठी खास चहा टाकला. तो तसाच ठेवून त्या घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी आकांक्षाला नळावर गाठलं. "पोरी, तुझ्या त्याच दिवसांत माझ्याकडं ये. भाजलेलं मीठ घेऊन तुझ्या हातानं माझं लोणचं कालव. ते टिकलं की सगळ्यांची तोंडं बंद."

आकांक्षानं घागर खाली ठेवली. "मावशी, चूक तुमची ना?"

"माझीच गं बाई."

"मंग परीक्षा माझी कशाला?"

घागर उचलली आणि चालती झाली. आत्याबाई तिथंच उभ्या राह्यल्या. घरी आल्यावर म्हणल्या, "खरं बोलली. मला लाज कशी वाटली न्हाई तिला असं सांगताना?"

मंग मला बाजारात पिटाळलं. शेवटच्या कैऱ्या होत्या, मिळतील तशा आणल्या. भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर, आत्याबाईंनी ओट्यावर लोणचं कालवलं. पोत्यातलं ओलसर मीठ तसंच घातलं. "गोजरबाईला सांगितलं तसंच घातलंय. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार न्हाई," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. ज्या बाईची एक बरणी कधी बिघडली न्हाई, ती स्वतःची बरणी बिघडायची वाट बघत बसली. मला बघवत नव्हतं.

बुरशी आली. आत्याबाईंनी स्वतः जाऊन गोजरबाईंना हाताला धरून आणलं, मागं बाया गोळा झाल्या.

"बघ. हा माझा हात. माझं ते वय कधीच गेलं. आता कुणाचं नाव घेशील?"

मंग मागून गल्लीतलीच नंदाबाई म्हणली, "म्हणजे मागच्या साली माझं लोणचं..."

"हो, तुझंही. मीच."

नंदाबाई निघून गेली. मंग दुसरी गेली, तिसरी गेली. ओटा रिकामा झाला. गोजरबाईंनी बरणीत परत एकदा वाकून बघितलं आणि खाली मान घालून घरी गेल्या.

संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांची हाक ऐकू आली, "आकांक्षे, चल, आत ये जेवायला."

"नको आत्या," आकांक्षा म्हणली. "मी इथंच जेवते."

आमची मधली भिंत कमरेएवढी, सगळं दिसतं. पोरगी ओसरीवर ताट घेऊन एकटी बसली होती. आत्याबाईंनी आतून आपलं ताट उचललं, बाहेर आणलं आणि आमच्या ओट्यावर तिच्या समोर येऊन बसल्या. आकांक्षानं एकदा वर बघितलं आणि परत खाली बघून घास मोडला. दोघी बाहेरच जेवल्या.