गोळ्यांचं तिला आधी कळलं

ह्यांच्या ऑफिसातल्या मॅडमला मी पाहिलंही नव्हतं, तेव्हापासून मला तिचा राग यायला लागला होता. आम्ही जव्हारला भाड्याने राहत होतो. मी जामसरकडच्या शाळेत शिकवायचे आणि हे मोखाड्याला सरकारी कचेरीत कारकून होते. ती ह्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायची. जव्हारहूनच जायची, हे ज्या भाड्याच्या जीपने जायचे तिच्यातूनच.

रागाचं कारण सांगायला अवघड आहे, तरी सांगते. त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्यातलं काहीतरी बिनसलं. हे जवळ यायचे, सगळं पूर्वीसारखंच सुरू व्हायचं, पण शेवटाला जायचं नाही. खूप वेळ जायचा. हे घामाघूम व्हायचे, मला दुखायला लागायचं, आणि मग हे एकदम थांबून भिंतीकडे तोंड करायचे. "दमलोय ग," एवढंच बोलायचे.

मला वाटलं, मन दुसऱ्या कुणात असल्याशिवाय पुरुषाचं असं होत नाही. शरीर माझ्यापाशी आणि डोकं मोखाड्याला. मी आरशात स्वतःला बघायला लागले. शाळेतली एक मैत्रीण डबा खाताना नवऱ्याबद्दल हसत म्हणायची, "आमच्याकडे सुरू झालं म्हणेपर्यंत संपतं." मी पण हसायचे, पण तिचाही मला हेवा वाटायचा. तिचा नवरा तिच्यापुढे स्वतःला आवरू शकत नव्हता ना! भिंतींवरच्या जाहिरातींत औषध असायचं तेही त्याच तक्रारीवर. उशीर होणं हेसुद्धा दुखणं असू शकतं, असं मी कुठे ऐकलंच नव्हतं.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली आणि ह्यांना न सांगता मोखाड्याला गेले. सुकी मासळी घ्यायची, असं स्वतःलाच सांगितलं होतं. बाजारातून सरळ कचेरीत गेले. हे साहेबांबरोबर कुठेतरी बाहेर गेले होते. ती मात्र होती. माझ्यापेक्षा वयाने मोठी, सावळी, केस विस्कटलेले, पायात रबरी चपला. मी मनात जिला रोज नटवत होते ती ही नव्हती. तरीही तिने "या वहिनी" म्हणून खुर्ची पुढे ओढली, तेव्हा मला ते हक्काचं वाटून राग आला.

तिने चहा मागवला. बोलता बोलता म्हणाली, "भाऊसाहेब आता बरेच सावरलेत हो. गोळ्या सुरू झाल्या आणि चेहरा बदलला. तुमची फार धावपळ झाली असेल."

"कसल्या गोळ्या?" हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी ते गिळले आणि म्हणाले, "हो ना." नवऱ्याचं आजारपण मला माहीत नाही, हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

संध्याकाळी हे कचेरीत परत आले आणि मित्राची मोटरसायकल मागून घेऊन आम्ही दोघं घरी निघालो. घाट चढल्यावर मी ह्यांना गाडी थांबवायला लावली.

"तिला सांगितलंत आणि मला नाही?"

ह्यांनी गाडी स्टँडला लावली. मग म्हणाले, "सांगितलं नाही, तिने पाहिलं. टेबलावरच छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले. मला वाटलं मी जातो आता. तीच दवाखान्यात घेऊन गेली. हार्ट ठीक निघालं. मग नाशिकच्या डॉक्टरकडे पाठवलं, मानसिकच्या. कामाचा धसका घेतलाय म्हणाले. गोळ्या दिल्या."

"मग मला का नाही?"

"तुझ्या माहेरी कळलं असतं. वेडा म्हणाले असते."

मला रडू आलं, पण ते दयेचं नव्हतं. ह्यांचे गार पडलेले हात दुसऱ्या बाईने धरले होते, हेच डोळ्यांसमोर येत होतं. मी तिथेच रस्त्याच्या कडेला विचारून टाकलं, "आणि आपलं ते? तेही तिच्यामुळेच का?"

ह्यांना आधी कळेना. कळलं तेव्हा कानापर्यंत लाल झाले. "अग बाई! मला वाटतं मी संपलोय. मध्ये गोळ्यांचाच संशय आला म्हणून चार दिवस सोडून पाहिल्या, तर चक्कर यायला लागली. तुला काय सांगू?"

पुढच्या वेळी नाशिकला आम्ही दोघं गेलो. बोलायची वेळ आली तशी ह्यांची मान खाली गेली, म्हणून मीच सांगितलं. डॉक्टर अजिबात हसले नाहीत. म्हणाले, "वीर्यस्खलनाला उशीर होणं हा या गोळ्यांचा नेहमीचा परिणाम आहे. मी आधीच सांगायला हवं होतं. प्रेम आटल्याची खूण नाही ही." मग साखर, दारू, इतर औषधं, सगळं विचारलं. हे एकटे असताना काय होतं, तेही विचारलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं. रक्त तपासायला दिलं, डोस कमी केला. नाही जमलं तर गोळी बदलू, पण मनाने बंद करायची नाही, असं बजावलं. आणि म्हणाले, "काही दिवस शेवट गाठायचा नादच सोडा. नुसते जवळ राहा. दुखायला लागलं की ताईंनी थांबा म्हणायचं आणि तुम्ही थांबायचं. काळजीने आणखी उशीर होतो."

लगेच काही झालं नाही. डोस कमी केल्यावर ह्यांची झोप पुन्हा बिघडली, मग गोळी बदलावी लागली. पण रविवारी दुपारी दार लावून आम्ही नुसते पडून बोलायला लागलो, आणि हे भिंतीकडे वळायचे बंद झाले. कधी जमायचं, कधी नाही. नाही जमलं तर हे "राहू दे" म्हणायचे आणि मी चहा टाकायचे. उन्हाळ्यापर्यंत बरंचसं पूर्वपदावर आलं. पूर्वीइतकं पटकन मात्र नाही, अजूनही.

तिचा राग गेला असं म्हणवत नाही. तिने ह्यांना वाचवलं, मी तिच्या घरी नाचणीचे पापडसुद्धा पाठवले. तरी ह्यांच्या तोंडून तिचं नाव आलं की माझा घास थांबतो.

गेल्या वर्षी शाळेत कविता शिकवत असताना ह्यांचा फोन आला. "परत धडधडतंय. कचेरीच्या मागे येऊन बसलोय. कुणाला सांगितलं नाही, तुलाच पहिला फोन केला." मी व्हरांड्यात उभी राहून, धडधड उतरेपर्यंत ह्यांच्याशी हळूहळू बोलत राहिले. हे तिकडे घाबरले होते आणि मी इकडे, खरं सांगते, मनातून फार खूश होते.