मोरीतली नीळ

माझी मावशी तिच्या धाकट्या जावेला पाण्यात पाहायची, आणि हे मी नुसतं म्हणण्यापुरतं म्हणत नाही. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. त्या भिंतीला मावशीच्या बाजूनं बारमाही ओल. रंगाचे पोपडे सुटायचे, कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायचा. एक गवंडी म्हणाला गच्ची गळते, दुसरा म्हणाला जमीनच तशी आहे. मावशी म्हणाली, "दोघंही आंधळे. पाणी तिच्याकडून मुरतंय."

तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात काढलेली बाई. चादरीवरचा डाग चहाचा की औषधाचा, हे लांबून सांगायची. माणसांच्या बाबतीतही तोच खाक्या, पडलेला डाग ती विसरत नसे. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा रस्त्याकडची उजेडाची बाजू धाकट्या दिराला गेली. त्याला बावीस वर्षं झाली, तरी मावशी ते काल घडल्यासारखं सांगे. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, तोंडातून चकार शब्द न काढणारे, पण बायकोचा शब्द खाली पडू न देणारे. वाटण्या झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी घरातली मोरी स्वतःच्या हातानं नव्यानं बांधली. रागच तेवढा बाहेर पडला, असं आम्ही समजलो. आता काका नाहीत आणि दीरही नाही. दीर छातीच्या दुखण्यानं गेला. उरल्या दोन जावा आणि मधली भिंत.

मावशी ओलीच्या कडेला पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहायची. पाऊस नसतानाही ओल रेघ ओलांडायची, म्हणजे गच्ची निर्दोष सुटली. त्यातच जावेनं न्हाणीघरात चकचकीत नव्या फरश्या बसवल्या आणि मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "त्या फरश्या माझ्या हातानं फोडीन, तेव्हाच मला झोप लागेल," ती म्हणाली. खरं सांगते, मलाही त्या फुटताना बघायच्या होत्या.

निवृत्त झाल्यापासून तिनं घरात नीळ आणली नव्हती. "तीस वर्षं निळ्या बोटांनी जेवले, आता पुरे," म्हणायची. पण त्या दिवशी मला चार बाटल्या आणायला लावल्या आणि आम्ही दोघी जावेच्या दारात जाऊन उभ्या राहिलो.

"ही तुझ्या न्हाणीत ओतणार. माझ्या भिंतीवर निळं उमटलं की तुझ्या फरश्या फोडायच्या."

जाऊ घुटमळली. मावशी माझ्या कानाशी पुटपुटली, "खाई त्याला खवखवे."

"ओता," जाऊ म्हणाली. "पण नाही उमटलं, तर उरलेली तुमच्या मोरीत ओतायची, ताई."

"ओतीन की! भिते का कुणाला?"

दोन बाटल्या जावेच्या न्हाणीत ओतून आठ दिवस मावशी आपल्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसली. काही उमटलं नाही. नवव्या दिवशी तिनं दातओठ खात उरलेल्या दोन बाटल्या स्वतःच्या मोरीत रिकाम्या केल्या. शब्दाला पक्की, करते काय!

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भिंतीवर बोटभर निळी कड दिसली. मावशी ती बघायलाच तयार नव्हती. तेवढ्यात जाऊ आली आणि आम्हाला आपल्या आतल्या खोलीत घेऊन गेली. तिनं कपाट सरकवलं. मागे काळी बुरशी, आणि तळाशी ताटाएवढा निळा डाग.

"अगं, मग कधी बोलली का नाहीस?" मावशी म्हणाली.

"कुणाला सांगणार होते? तुम्हाला?" जावेनं भिंतीकडे बोट केलं. "यांची खाट इथंच होती. बारा वर्षं."

गवंड्यानं मावशीची मोरी खणली तेव्हा जाऊही येऊन उभी राहिली. पाइप कुठंच फुटला नव्हता. त्याला दोन फाटे होते. एक गटाराकडे जात होता आणि दुसरा भिंतीच्या पायात, उघड्या तोंडानं, जावेच्या घराकडे.

"ही चूक नाही, मुद्दाम केलेलं काम आहे," गवंडी म्हणाला. "मोरी बांधली कुणी?"

मावशीनं वाकून दोन्ही फाटे पाहिले. म्हणाली, "त्यांनी. वाटण्या झाल्या त्या दिवशी मीच त्यांना म्हटलं होतं, भावजींना त्या घरात सुखाची झोप लागता कामा नये."

गवंडी म्हणाला, "बुजवून टाकतो. तासाभराचं काम."

"बुजवू नका," जाऊ म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "नुसतं तोंड फिरवा. ताईंच्या खाटेकडे."

गवंड्यानं मावशीकडे पाहिलं.

"फिरव," मावशी म्हणाली.

त्यानं दोघींचंही ऐकलं नाही. सिमेंट कालवून तोंड बंद केलं आणि भिंत सुकायला वर्ष लागेल म्हणाला. संध्याकाळी मावशीनं आपली खाट ओढत नेऊन ओलीला लावली. मला हात लावू दिला नाही. आता ती तिथंच झोपते. भिंतीवर रेघ मारायला मात्र दर आठवड्याला जाऊ येते. मावशी मुकाट्यानं कूस बदलून तिला जागा करून देते. ओल कमी झालेली दिसली की जावेचा चेहरा पडतो.