गाभ्यात ‘लालाप’ घ्यायची की नाही

सुमेदांगच्या तंत्रशाळेत शिकवणाऱ्या एंगकुस सुतिस्ना यांनी आयुष्यात कुणाला ‘नाही’ म्हटलं नव्हतं. त्यांच्या भागात सहसा कुणीच म्हणत नाही. ‘अजून नाही’ म्हणतात, आणि ऐकणारा काय ते समजतो. लग्नाच्या मागणीपासून उसन्या मोटरसायकलपर्यंत सगळं त्यावर सुरळीत चालतं. अडलं ते फक्त ‘साउंग’मध्ये.

साउंग म्हणजे मुलांना प्रोग्रामिंग शिकवायला एंगकुसनी तरुणपणी उभी केलेली सॉफ्टवेअर-व्यवस्था. आसपासच्या बऱ्याच शाळांत ती चालते. तिचा गाभा, म्हणजे मूळ प्रोग्राम, लहान आणि कोरडा: लागतं ते आहे, लागत नाही ते नाही. गाभ्यात एकदा शिरलेली गोष्ट बाहेर काढता येत नाही, कारण तोवर कुठल्यातरी शाळेचा निकाल तिच्यावर उभा असतो. साउंग सांभाळणाऱ्या शिक्षकांच्या गटात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला एंगकुस हे सांगत, आणि मग चहा मागवत.

गारुतची नीनिंग वार्दियाह त्यांच्याहून बरीच धाकटी. तिने साउंगसाठी सोयीची एक लायब्ररी, म्हणजे आयत्या आज्ञांचा संच, लिहिली आणि तिला ‘लालाप’ म्हटलं. खानावळीत न मागता पानात येणारा कच्चा पाला तो लालाप, तेव्हा नाव चपखल होतं. याद्या लावणं, तारखा मोजणं, नावं नीट करणं; साउंगमध्ये ज्याला पानभर लिहावं लागे ते इथे एका ओळीत होई. शिक्षक साउंग बसवत आणि लगोलग लालाप बसवत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे काहींच्या गावीही नव्हतं. मात्र साउंगची नवी आवृत्ती आली की लालाप मोडे, आणि नोकरी सांभाळून नीनिंग ती एकटीच दुरुस्त करत बसे.

ती त्यांना ‘कांग’ म्हणजे दादा म्हणे, ते तिला मानाने ‘तेह’ म्हणजे ताई. दरवर्षी ती विचारी, “कांग, गाभ्यात घ्यायची का?”

“अजून नाही, तेह. बघतोय.”

यंदाची बैठक टोफूच्या दुकानामागे चटईवर भरली. नीनिंगने पहिला घासही घेतला नाही.

“कांग, मी दमले. या वर्षी घ्या, नाहीतर मी सोडते. पुढच्या आवृत्तीला मोडली की मोडली.”

खजिनदार एन्जांगने बशी पुढे सरकवली. “आधी खा, मग मोडा.”

“सगळ्यांशी बोलून ठरवू,” एंगकुस म्हणाले.

“सगळे इथंच आहेत. तोंडात टोफू आहे, एवढंच.”

“अजून...”

“‘अजून’ नको, कांग. माझ्या लग्नाबद्दल माझी आईसुद्धा इतक्या वेळा ‘अजून’ म्हणाली नाही.”

एंगकुसनी अख्खी हिरवी मिरची चावली. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या आडोशाने ते बोलून गेले, “नाही.”

एन्जांगचा हात बशीतच राहिला.

“का?” नीनिंगने विचारलं.

“रिकाम्या यादीतलं पहिलं नाव मागितलं तर तुमची लालाप मुकाट्याने शून्य देते. गाभा चूक दाखवून ओरडतो. पोराने नावंच भरली नाहीत तरी प्रोग्राम चालतो, आणि त्याला वाटतं, जमलं. हे मी गाभ्यात घेणार नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“पहिल्या वर्षापासून?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

नीनिंग उसळली. “ते शून्य मी आळसात लिहिलंय, कांग! कधीच काढणार होते. पण तुम्ही म्हणालात, बघतोय. म्हटलं, माणूस बघतोय तोवर हात लावू नये. आवडलं असेल.”

शून्य तिथेच, चटईवर निघालं. त्यामुळे काही शाळांचे प्रोग्राम ओरडू लागले. ते कित्येक वर्षं चुकतच होते, असं निघालं. याद्या आणि तारखा गाभ्यात आल्या. उरलेली लालाप बाहेरच राहिली. ज्याची वस्तू गाभ्यात, त्याने तिथे राखण करायची, म्हणून गाभा बदलण्याचा अधिकार नीनिंगलाही मिळाला.

“म्हणजे काम माझ्याकडेच राहिलं,” ती म्हणाली.

“हो. पण आता मोडायच्या आधी कळेल. गाभा बदलून ती मोडणाऱ्या तुम्हीच.”

त्यानंतर चिरेबोनच्या एका गृहस्थांनी आपली रंगीत बटणांची लायब्ररी गाभ्यासाठी पाठवली. नीनिंगने उत्तर दिलं, ‘नाही’, आणि खाली कारणं लिहिली. एंगकुसना ते उद्धट वाटलं. त्यांनी ते मऊ करायला घेतलं, पण दर खेपेला त्याचं ‘अजून नाही’ होई आणि कारणं गळून जात. शेवटी त्यांनी नीनिंगचंच उत्तर जसंच्या तसं जाऊ दिलं, आणि चिरेबोनच्या गृहस्थांना वाईट वाटलं असेल म्हणून दिवसभर हळहळत राहिले. गृहस्थ तोवर बटणं दुरुस्त करायला बसले होते.