दोन क्रेन आणि आईचा हात

तुमच्या घरात शेवटची मोठी खरेदी झाली, तेव्हा 'नको' म्हणायचा अधिकार किती जणांना होता? खरं सांगा.

आमच्या घरात तो सगळ्यांना होता आणि सगळे तो वापरायचे, त्यामुळे साध्या कुकरची खरेदीसुद्धा महिनाभर लांबायची. दोष पत्रकांचा. बाबांच्या तरुणपणापासूनची पत्रकं आमच्या खाटेखाली गठ्ठ्यांनी पडलेली असायची: मोर्चांची, सभांची, कामगारांच्या मागण्यांची. त्यांची मागची कोरी बाजू ही माझी पाटी. 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी मी 'जाहीर' आणि 'निषेध' वाचायला शिकले. पुढे घरातली भांडणंही कागदावर व्हायला लागली. आई अंगणवाडी सेविका. तिला यायला उशीर झाला आणि बाबांनी भात करपवला की शेगडीमागच्या भिंतीवर तिचा कागद लागायचा, 'करपलेल्या भाताचा तीव्र निषेध.' खाली बाबांचं उत्तर असायचं, 'चौकशी समिती नेमण्यात येत आहे.'

तेव्हा क्रेन घ्यायची ठरली आणि मी पत्रक काढलं, यात नवल काही नव्हतं. नवं शतक सुरू होऊन दोन-चार वर्षं झाली होती, मी अकरावीत होते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नव्या शेड उभ्या राहत होत्या आणि अवजड मशीन उचलायला क्रेन मिळत नव्हती. बाबा रिगर होते. म्हणजे ओझ्याला पट्टे बांधायचे आणि क्रेन चालवणाऱ्याला हाताच्या खुणांनी वर, खाली, थांब असं सांगायचं. ते, त्यांचे मित्र म्हणजे आमचे काका, आणि ट्रक चालवणारा माझा मामा, असे तिघं मिळून स्वतःची क्रेन घेणार होते.

स्वतःचीच का, याचं कारण काकांच्या उजव्या पायात होतं. तेही रिगर. ठेकेदाराकडं असताना एकदा पट्टा सरकताना दिसला म्हणून त्यांनी हात वर केला होता. 'थांब'ची खूण. ठेकेदार शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "चालू दे." चालवणाऱ्यानं चालू दिलं. तेव्हापासून काका लंगडतात. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाय बरा हाय की. फक्त हुकूम पाळत न्हाय." पण क्रेनचा विषय निघाला की एवढंच म्हणायचे, "आपल्या क्रेनला थांब म्हटल्यावर थांबायला पायजे. बाकी तुमी ठरवा."

समोर दोन जुन्या क्रेन होत्या. एक पुण्याजवळच्या यार्डात उभी असलेली परदेशी ऑल टेरेन, रस्त्यावर आणि रानात सारखीच चालणारी. दुसरी मिरजेतली, साध्या ट्रकसारख्या गाडीवर बसवलेली ट्रक क्रेन. रविवार गाठून आम्ही सगळे मामाच्या मित्राच्या जीपमधून आधी पुण्याला गेलो. आईसुद्धा. मत द्यायचं तर वस्तू बघितली पाहिजे, असा तिचा नियम.

ती ऑल टेरेन बघून माझं भानच हरपलं. तिचं प्रत्येक चाक वळत होतं आणि प्रत्येक चाकाला जोर होता. विकणाऱ्यानं ती खेकड्यासारखी तिरकी चालवून दाखवली. मला त्या चाकांत राज्यघटना दिसली. जीपमध्येच मी पत्रक लिहायला घेतलं: 'बंधू-भगिनींनो, ट्रक क्रेनची पुढची चाकं नुसती दिशा दाखवतात आणि मागची नुसती ढकलतात. ही व्यवस्था आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलो आहोत. ऑल टेरेनमध्ये कोणतंही चाक वरचं नाही, कोणतंही खालचं नाही. मत समतेला द्या.'

मामानं ते गाडी चालवता चालवता ऐकून घेतलं. "लई भारी," तो म्हणाला. "आणि ह्या समतेचा एखादा पार्ट मोडला तर कुठनं आणायचा?"

"उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपात लेथवर करून घ्यायचा," मी म्हटलं.

"उद्यमनगरात विमान करून मिळंल गं, पण तिचं डोकं कॉम्प्युटरचं हाय. त्याला लेथवर कोण बसवणार?"

बाबांचं मात्र आमच्याकडं लक्ष नव्हतं. यार्डात झालेली एक गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. उचलून दाखवायला काँक्रीटचा ठोकळा घेतला होता. क्रेन अशा वेळी बाजूला पाय काढून त्यांवर उभी राहते आणि पायांखाली फळ्या घालतात. त्यातली एक फळी ओल्या मातीत तिरकी व्हायला लागलेली आईनं बघितली आणि सरळ हात वर केला. केबिनमधल्या माणसानं तिच्याकडं बघितलं आणि ठोकळा तसाच वर नेला. झालं काही नाही. ठोकळा नीट खाली आला. विकणारा आईला हसत म्हणाला, "वहिनी, घाबरू नका, मशीन परदेशी आहे." बाबांनी केबिनपाशी जाऊन त्या माणसाला विचारलं होतं, "हात वर केलेला दिसला न्हाय काय?" तो म्हणाला, "दिसला की. पण त्या कुठं आपल्या कामावरच्या?"

पुढच्या रविवारी मिरज. ती ट्रक क्रेन म्हणजे रंग उडालेली, पोक काढून उभी राहिलेली बया. तिच्यापेक्षा तिचा चालवणारा म्हातारा. तोंडात तंबाखू, डोक्याला टॉवेल. एका जुन्या लोखंडी टाकीला पट्टे बांधून त्यानं ती उचलायला सुरुवात केली. मी मनात दुसऱ्या पत्रकाची जुळवाजुळव करत होते, मथळा होता 'भंगारवादी प्रवृत्तींचा धिक्कार.'

टाकी हवेत अर्ध्यावर गेली आणि तिथंच थांबली.

सगळे वर बघायला लागले. बाबांनी पट्टे बघितले, मामानं इंजिनाचा आवाज ऐकला. क्रेनचा मालक ओरडला, "का थांबलास रं?" म्हातारा लिंबाच्या झाडाकडं बघत होता. तिथं आईनं भाकरीचं फडकं सोडलं होतं आणि तिचा एक हात अजून वर होता.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"तुमीच थांब म्हणाला की, ताई."

"अहो, ह्यांना जेवायला बोलवलं."

म्हाताऱ्यानं विचार केला. "मग टाकी खाली ठेवू?"

"ठेवा. आणि तुमीबी या."

टाकी अलगद खाली आली. मालक वैतागून बाबांना म्हणाला, "बघितलंसा नव्हं पावणं? ह्यो असाच. कावळ्यानं पंख वर केलं तरी थांबंल. वेळ किती जातोय ह्याच्या पायी."

म्हातारा हात धुऊन आमच्यात येऊन बसला. काकांनी त्याला विचारलं की खुणा करणारा माणूस दुसरा असताना बाईचा हात कशाला बघितला. त्यानं भाकरीचा तुकडा मोडत सांगितलं, "वर घे, खाली घे, हे एकानंच सांगायचं. थांब मात्र कुणीबी म्हणावं. शिकवलंच तसं मला." काका जेवायचे थांबले. मग त्यांनी आपल्या पानातली मिरची उचलून त्याच्या पानात ठेवली.

मतदान आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात झालं. मी हट्ट सोडला नाही. क्रेन लोखंडाची असते, तिला कुणाचा स्वभाव चिकटत नाही, असं मी ठासून मांडलं. बाबा म्हणाले, चिकटतो. जो माणूस कुणाच्याही हाताला थांबतो त्यानं दोराला वंगणही वेळेवर लावलेलं असतं, आणि ते त्यांनी हात लावून बघितलं होतं. समतेचा मुद्दा मी तिसऱ्यांदा काढला तेव्हा भाजी निवडणारी आई म्हणाली, "चाकं सारखी असून काय करायचीत? थांब म्हटल्यावर कोण ऐकतंय ते बघ की." ट्रक क्रेनला चार मतं पडली, ऑल टेरेनला एक. काकांनी अट घातली की म्हातारा संगं येत असेल तरच. तो आला. मालकानं त्याला आनंदानं सोडलं.

पहिल्याच पावसाळ्यात ट्रक क्रेन कागलच्या एका नव्या प्लॉटवर काळ्या मातीत रुतून बसली. ऑल टेरेन असती तर निघाली असती, हे मी आजही सांगते. ट्रॅक्टर लावून ती ओढून काढेपर्यंत माझं पत्रक तयार होतं: 'आम्ही सांगत होतो.' बाबांनी ते केबिनमध्ये चिकटवलं. म्हाताऱ्याला वाचता यायचं नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकानं दाखवायचा.

तिथल्याच एका कारखान्यात एकदा मोठं प्रेस मशीन बसवायचं होतं. कॉलेजला सुट्टी होती, मी डबा घेऊन गेले होते. मशीन वर गेलं आणि झाडलोट करणाऱ्या मावशींनी लांबून हात वर केला. म्हाताऱ्यानं काम थांबवलं. सुपरवायझर धावत आला.

"काय झालं मावशी?"

"माझी बादली राहिलीया तिथं."

सुपरवायझर तापला. "बादलीसाठी क्रेन थांबवली? ह्या बाईचं ऐकून?"

"बादली तर बादली," काका म्हणाले, आणि लंगडत जाऊन त्यांनी ती उचलून आणली. मावशींना दिली. मग बाबांनी खूण केली, मशीन पुन्हा हलायला लागलं. काका माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि डब्यात काय आहे विचारू लागले. इतक्या खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

खाटेखालच्या गठ्ठ्यात बसवायला हेही एक पत्रक समजा. मागणी एकच आहे. उद्या कामावर गेलात की तुमच्याकडच्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला विचारा: तू हात वर केलास तर इथलं काम थांबेल का? तो हसला किंवा त्यानं मान खाली घातली, तर साहेबाकडं जा आणि थांबेल असा नियम करून घ्या. मग तो मोठ्या अक्षरांत दारावर लावा.