संगमरवरावरची हळद

आमच्या झूटरमेर या डच शहरापासून बसनं थोडं लांब, कालव्याकाठी, एक जुनं श्रीमंती घर आहे. तीनेकशे वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं बांधलेलं. उन्हाळ्यात शहरातल्या पाण्याला वास सुटायचा, मग ही मंडळी पोरंबाळं, भांडीकुंडी होडीत घालून इथं यायची आणि थंडी पडली की परत. एवढं मोठं घर, नुसतं उन्हाळ्यापुरतं! मी तिथं लोकांना घर दाखवते. पगार नाही, कॉफी मिळते. डच मी वाचनालयात गप्पा मारूनच शिकले आणि घराची माहितीही तशीच, ऐकून ऐकून.

या घरात सगळं जोडीनं आहे बघा. दिवाणखान्यात डावीकडे दार, म्हणून उजवीकडेही दार. उजवं उघडायला गेलात तर मागे भिंत! बाहेरची एक खिडकीसुद्धा नुसती रंगवलेली. मधोमध, पुढच्या दारापासून मागच्या बागेपर्यंत, पांढऱ्या संगमरवराचा लांबलचक बोळ. नोकरांचा जिना वेगळा, भिंतीत लपवलेला. बाग आधी पट्टीनं आखल्यासारखी होती, पुढच्या मालकांनी इंग्रजी पद्धतीची वळणावळणाची करून घेतली.

हे सगळं मराठीतून सांगावं असं मला फार वाटायचं. मागे लागून लागून महिन्यातून एका रविवारची परवानगी मिळवली. पहिल्याच खेपेला आमच्या मराठी मंडळातल्या बायका आल्या, चैत्रातल्या हळदीकुंकवाहून थेट, साड्यांतच. एकीला मुलाला फुटबॉलवरून आणायचं होतं, ती मध्येच निघाली.

"अगं, कुंकू न लावता कुठं निघालीस?" म्हणत दुसरीनं पर्समधून हळदीकुंकवाचा करंडा काढला. हळदीच्या बाजूचं झाकण घट्ट बसलेलं. तिनं जोर लावला आणि सगळी हळद बोळातल्या पांढऱ्या फरशीवर. बाहेर पाऊस झाला होता, बुटांनी फरशी ओली.

"मावशी, साबण आणू?" त्यांच्यातल्या सगळ्यात लहान मुलीनं मला विचारलं.

"हात लावू नकोस! साबणानं लाल होईल."

"मग लिंबू?"

"लिंबू दगड खातं गं बाई. तू स्वयंपाक करतेस की नुसतं ऑर्डर करतेस?"

हळद टिपून घेतली. परातीएवढा पिवळा डाग मात्र राहिला.

तिथल्या व्यवस्थापक बाई ओरडत नाहीत. डागाभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "डाग जाईपर्यंत तुमचे रविवार बंद. नाही गेला तर कायमचे."

माझ्यासारखेच घर दाखवणारे एक निवृत्त डच मास्तर आहेत. ते म्हणाले, "मसाल्याच्या पैशावर उभं राहिलेलं घर. त्यानं मसाल्यावर कसलं रागवायचं?" बाई हसल्या नाहीत.

मी म्हटलं, हळद उन्हानं उडते, आम्ही डागाचे कपडे उन्हातच टाकतो. पण या घरात ऊन येऊच देत नाहीत. भिंतीवरचं रेशीम विटतं म्हणून खिडक्या बंद, आणि पुढचं दारही कायम बंद. लोक खालच्या स्वयंपाकघरातून येतात. बाईंनी दगडाच्या जाणकाराला फोन केला. घासण्यापेक्षा हे बरं, असं तो म्हणाला. मग दोन्ही बाजूंच्या खोल्यांची दारं लावून घेतली आणि पुढचं दार उघडलं.

इथलं एप्रिलचं ऊन म्हणजे येतं, तोंड दाखवतं, जातं. मी काम नसतानाही बस पकडून जायचे.

"आई, आज पुन्हा डागाला भेटायला?" सून विचारायची.

दार उघडल्यावर एक गोष्ट झाली. या बोळातून उजेड सरळ बागेपर्यंत धावतो, असं मी लोकांना नेहमी सांगायचे, पण कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. बांधणाऱ्यानं पांढरा दगड का घातला, ते तेव्हा कळलं.

ट्युलिपच्या पाकळ्या गळायला लागल्या त्या सुमारास बाई चष्मा लावून फरशीवर गुडघे टेकून बसल्या.

"मला दिसत नाही. तुम्हाला?"

"थोडासा दिसतो," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा पाहिलं. "थोडासा चालेल. रविवार घ्या. पण ती डबी दाराबाहेर."

आता मध्येच निघणाऱ्या बाईला बाहेरच्या पायरीवर कुंकू लावतात. करंड्यावर दोन-दोन हात आडवे धरतात, तरी अर्धं वाऱ्यानं कालव्याकडे जातं. तेवढा वेळ मी बाकीच्यांना दिवाणखान्यातलं ते उजवं दार उघडायला सांगते.