दहापैकी पाच

अर्चना गेली त्या आठवड्यात मोबाइलवर आलेल्या संदेशांत एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसत होता... मृदू. ‘अत्यंत मृदू स्वभावाच्या समीक्षक आपल्यातून गेल्या.’ ‘कोणाचंही मन न दुखावणाऱ्या ताई.’ अहो, कोणाबद्दल लिहिता? अर्चना माझी धाकटी जाऊ. इतकी वर्षं एका घरात, एका स्वयंपाकघरात काढली आहेत मी तिच्यासोबत, मला सांगू नका. ती व्हिडिओ गेमना दहापैकी गुण देत असे, आणि देताना तिचा हात इतका आखडता होता की कुठल्या कुठल्या गावांत बसून माणसं तिला शिव्या घालत. आता ती उत्तर द्यायला नाही, तर तिला साखर लावणं चाललंय. मला ते मान्य नाही, म्हणून लिहायला बसले.

फोन आला तेव्हा मी मेथीच्या जुड्या बांधत होते. दवाखाना अकोल्याचा. आदल्या दिवशीच मी तिथून अमरावतीला परतले होते, कारण मेथी काढायला आली होती आणि मेथी कोणाच्या आजारपणासाठी थांबत नाही. सुनीलभाऊजी, म्हणजे तिचा नवरा, एवढंच म्हणाले, ‘वहिनी, अर्चना गेली.’ मी हातातली जुडी पुरती बांधली. का बांधली, मला माहीत नाही. मग तिथंच बांधावर बसले आणि मोठ्यानं रडले.

ती अकोटची. बाजाराच्या रस्त्यावर तिच्या वडिलांचं लहानसं दुकान होतं. दोन टीव्ही, दोन बाकं आणि तासाच्या भाड्यानं व्हिडिओ गेम. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्यांची पोरं, शाळा बुडवलेली पोरं, सगळी तिथं गोळा व्हायची. शाळा सुटली की अर्चना गल्ल्यावर बसायची. पोट्टे विचारत, ‘अर्चना, कोनती कॅसेट लावू वं?’ आणि ही सांगायची, ‘ते नको लावू. तिसऱ्या लेव्हलपासून तोच राक्षस फिरून फिरून येते. तुया तास वाया जाईन.’ वडील चिडत. त्यांनी पदरचे पैसे घालून अकोल्याहून आणलेल्या कॅसेटला त्यांचीच पोरगी नावं ठेवते म्हणजे काय? पण पोरं त्याच दुकानात येत राहिली, कारण तिथं खरं सांगणारं कोणीतरी होतं. तिची समीक्षेची शाळा ती हीच.

लग्न होऊन आली तेव्हा भांड्यांच्या पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, गेमचं यंत्र घेऊन आली. सासूबाईंना वाटलं, मिक्सरचं काहीतरी असेल. आमचं भाजीपाल्याचं घर, अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याला. पहाटे तोडा, मग मंडी, आणि दुपारची जेवणं झाली की सगळं घर आडवं. ही तेवढी आडवी व्हायची नाही. टीव्हीसमोर मांडी घालून बोटं चालवायची. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू? मी पालक निवडणार आणि ही राक्षस मारणार? एका दुपारी मी परात तिच्याजवळ आदळली. ती म्हणाली, ‘ताई, बसा ना इथीच. तुमी निवडा, मी सांगत जाते काय चालू हाये ते.’ बसले, आणि पुढं रोजच बसत गेले. मला बटणं कधी कळली नाहीत, पण कोणता गेम माणसाला फसवतो आणि कोणता नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळायला लागलं.

मग स्वस्त इंटरनेट आलं आणि तिनं स्वतःचं चॅनल काढलं. तोंड दाखवायची नाही. पडद्यावर गेम, कोपऱ्यात बांगड्या भरलेले दोन हात, आणि आवाज अस्सल वऱ्हाडी. शेवटापर्यंत खेळल्याशिवाय आकडा सांगायची नाही आणि कंपनीनं फुकट धाडलेल्या गेमला हात लावायची नाही. एका बंदुकांच्या गेमला सगळ्या जगानं दहा दिले होते. हिनं सहा दिले. ‘बंदुका बारा प्रकारच्या हायेत, अन् माणूस एकाच प्रकारचा,’ म्हणाली. दुसऱ्या एका गेममध्ये बेटावर एकटी राहणारी म्हातारी आपली होडी दुरुस्त करते, बस्स, एवढंच. त्याला नऊ दिले. मोटारींच्या एका शर्यतीला आधी चार देऊन, पुढं कधीतरी पुन्हा खेळून सात केले आणि सरळ सांगितलं, ‘मी घाई केली होती.’ म्हणजे आकडा बदलायची नाही असं नव्हतं. खेळून बदलायची, कोणाच्या सांगण्यावरून नाही. खाली लोक लिहीत, जा, भाकऱ्या थाप. ती उत्तर देई, ‘थापल्या. आता तुया गेमचं बोलू.’

आता त्या गेमबद्दल सांगते, ज्याच्यावरून आमच्या घरात आग लागली. अकोल्याला माझी सख्खी बहीण राहते. तिचा मुलगा वैभव. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी अमरावतीत खोली घेऊन, नोकऱ्या न धरता, एक गेम केला. कपाशीच्या गावातला एक तरुण आटलेल्या नदीचा उगम शोधायला निघतो, अशी गोष्ट. आपल्या पोरांनी केला म्हणून शहरभर कौतुक. कोणी नऊ दिले, कोणी दहा. एकानं तर न खेळताच दहा दिले. मला पक्कं माहीत आहे, कारण तो मंडीत आमच्या शेजारीच बसतो. अर्चना मात्र बसून सगळा गेम खेळली आणि तिनं चार दिले. बैल भिंतीतून आरपार जातात, म्हणाली. आज थांबलं की उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, म्हणाली. आणि मग म्हणाली, ‘हिरो वऱ्हाडातला, अन् बोलते पुण्याचं. वऱ्हाडी बोलनारा एकच हाये, तो बी लोकायले हसवाले ठेवला. आपल्याच पोट्ट्यायनं आपल्याच बोलीचा जोकर केला.’

बहिणीचा फोन मला आला. ‘तुयी जाऊ माया पोराच्या पोटावर पाय देऊन राहिली.’ पुण्याची कुठली कंपनी तो गेम घेणार होती, ती मागं सरली होती. मी अर्चनाला गाठलं. ती भेंडी तोडत होती. मी म्हटलं, ‘घरचं पोरगं हाये. दोन वाढवले तं तुयं काय जाते?’ मान वर न करता ती म्हणाली, ‘ताई, घरच्याले वाढवून दिले तं बाहेरच्याले दिलेले सारे खोटे होतेत. कोनी पै-पै जमवून गेम घेते. त्याले मी काय सांगू, माया जाऊच्या भाच्यानं केला म्हून घे?’ मी चिडून निघून आले. बहीण माझ्याशी बोलेना, मी अर्चनाशी बोलेना. पण तिच्याशी भांडले याचं मला आजही वाईट वाटत नाही. तिच्याशी भांडता यायचं, ती रडून मोकळी होणाऱ्यांतली नव्हती. थोड्या दिवसांनी मीच परात घेऊन जाऊन बसले आणि विषय तिथंच राहिला, चारावर.

मग तिचं पोटाचं दुखणं निघालं, आणि निघालं तेच फार पुढं गेलेलं. अकोल्याच्या दवाखान्यात बहिणीच्या घरून डबा येऊ लागला. बहीण स्वतः आली नाही, अमरावतीहून घरी आलेला वैभव डबा घेऊन यायचा. एक दिवस डब्यासोबत लॅपटॉप घेऊन आला आणि पायाशी उभा राहिला. ‘काकू, नवीन करून आनला. पाहता का?’ तिनं हातानंच इकडे आण म्हणून खुणावलं. डाव्या हाताला सलाईन, त्यामुळे जमेना, तरी थोडं थोडं करत, मधे झोपत, पुन्हा उठत तिनं तो संपवला. नर्स ओरडली, मी ओरडले, काही उपयोग नाही. शेवटी मला म्हणाली, ‘चॅनलवर टाकाचं हाये, मोबाइल धरा.’ मी धरला. आवाज अगदी बारीक झाला होता... ‘पाच. बैल आता भिंतीतून जात नाई अन् थांबलं तिथून सुरू होते, त्याचा एक वाढला. हिरो अजून घरचं बोलत नाई.’

वैभव खुर्चीवर बसून ऐकत होता. म्हणाला, ‘वऱ्हाडी हिरो कोनी घेत नाई, काकू.’ ती म्हणाली, ‘कोनी म्हंजे कोन? तू ठेवून पाह्यला का?’ त्यानं लॅपटॉप मिटला. बाहेर व्हरांड्यात येऊन मला म्हणाला, ‘मावशी, एक वाढला.’ नऊ आणि दहा मिळाले तेव्हा हा मुलगा पेढे वाटत फिरला होता. त्या एका गुणाला त्याचे डोळे भरून आले.

तेरवी झाली आणि शहरातल्या एका मंडळाचे गृहस्थ घरी आले. चांगले कपडे, गोड बोलणं. मोठी शोकसभा घेऊ म्हणाले. मग खुर्ची जवळ ओढून मुद्द्यावर आले. आजारी माणसाचा तो शेवटचा व्हिडिओ काढून टाकावा आणि चॅनलवर लिहावं की ताईंनी जाता जाता आठ दिले. ‘पोरांचं भलं होईल, ताईंचं नाव मोठं होईल, कोणाच्या मनात कटुता राहणार नाही.’ सोबत माझी बहीण होती, कितीतरी दिवसांनी माझ्या दारात आलेली. तिनं माझा हात धरला. सुनीलभाऊजींकडे चॅनलचा पासवर्ड होता. बिचारे पार खचलेले, मोबाइल हातात घेतलाच होता त्यांनी. मी म्हटलं, ‘भाऊजी, ठेवा तो.’ ते म्हणाले, ‘वहिनी, आता कोनाले फरक पडते?’ मी म्हटलं, ‘तिले पडते.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइल खिशात घातला. बहीण चहाला न थांबता गेली.

सभा तरी झालीच. भाषणांत पुन्हा ते मृदू, ते मनमिळाऊ. आणि ते गृहस्थ माइकवर म्हणालेच, की ताई आज असत्या तर त्यांनी या गेमला नक्की आठ दिले असते. मी उठले. माइकची मला सवय नाही, पण भाजीबाजारात ओरडायची आहे. मी म्हटलं, ‘तिनं पाच दिले. शुद्धीत होती, पूर्ण खेळून दिले. तिच्या तोंडात तुमचा आकडा कोंबू नका.’ गृहस्थ हसून म्हणाले, ताईंच्या जाऊबाईंना दुःख झालं आहे, आपण समजू शकतो. तेवढ्यात मागच्या ओळीतून वैभव उभा राहिला. त्याची आई त्याचा शर्ट ओढत होती. ‘पाचच दिले,’ तो म्हणाला, ‘मी तिथं होतो. तेवढेच माये हायेत.’ आणि बसला. पुढची भाषणं आटोपशीर झाली.

व्हिडिओ जसाच्या तसा आहे. खाली रोज कोणीतरी लिहितं की मेलेल्या माणसाचा हट्ट कशाला जपता. मी एकालाही गोड उत्तर दिलेलं नाही. आणि मागच्या महिन्यात वैभवचा फोन आला. त्यांनी सगळा आवाज नव्यानं भरला आहे. हिरो आता आपलं बोलतो, पहिल्यापासून शेवटापर्यंत, आणि कोणी घेवो न घेवो, तो तसाच राहणार आहे. सांगून झाल्यावर पोरगं म्हणालं, ‘पन मावशी, आता नंबर कोन देईन?’

मी तो गेम तिच्या यंत्रावर घालून घेतला. आता दुपारी घर आडवं झालं की मी तिच्या खोलीत, तिच्या जागेवर मांडी घालून बसते. बोटं ऐकत नाहीत. पहिल्याच नाल्यात हिरो घसरतो आणि म्हणतो, ‘पडलो ना बापा.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले आणि मग किती वेळ तशीच रडत बसले. सुनीलभाऊजी दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले. त्या दिवशी मी वैभवला फोन करून सांगितलं, ‘शिकून राहिली मी. पुरा खेळून झाल्यावर सांगीन. तवापर्यंत पाच.’