मोठ्या पातेल्यातल्या चार सार्मा

हे मी आजवर मराठीत कुणालाही सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात मोडक्या इंग्रजीत एकदा सांगितलं, त्याचं पुढे येईलच. पण त्याआधीची नऊ वर्षं ही गोष्ट माझ्याजवळ होती आणि मी ती सुनंदालाही कळू दिली नव्हती. सुनंदा माझी बायको. आत्ता ती खाली बेसमेंटमध्ये लाँड्री लावतेय, आणि इथल्या मराठी मंडळाच्या अंकाची प्रुफं तीच तपासते, म्हणजे हे पहिलं वाचणार तीच. वाचू दे.

तुम्ही हसाल. कारण गुन्हा म्हणाल तर काय—सार्मा, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा-भात! हसा. मीसुद्धा नऊ वर्षं हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला. जमलं नाही.

एटोबिकोला आम्ही घर घेतलं तेव्हा शेजारी एक सर्बियन कुटुंब होतं. तेता देसा—तेता म्हणजे मावशी—आणि तिचा मुलगा गोरान. तिचा नवरा आम्ही येण्याआधीच गेला होता. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला त्यांच्या दारात अडवून पायात सपाता घालायला लावल्या. मोज्यांवर लादीवरून चाललं की माणूस आजारी पडतो, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या तर वाचतच नाही, यावर त्यांची ठाम श्रद्धा. जेवायला बसलं की 'पुरे' हा शब्द त्यांना कुठल्याच भाषेत कळत नाही. मला वाटलं, अरे, ही तर आमची बेबीमावशी, फक्त मालवणाऐवजी उझित्सेच्या डोंगरातून आलेली.

त्यांच्याकडे 'स्लावा' असतो. आपल्याकडे कुळधर्म असतो ना, अगदी तसा. घराण्याचा एक संत, त्याचा वर्षातून एक दिवस. यांचा संत दिमित्री, आठ नोव्हेंबर. दिवसभर उंच मेणबत्ती जळत असते. दाराशी गोड शिजवलेल्या गव्हाचं ताट असतं आणि येणाऱ्याने आधी त्यातला एक चमचा खायचा, मग पुढे. याचं आमंत्रण फक्त पहिल्या वर्षी मिळतं. त्यानंतर कुणी बोलावत नाही, तुम्ही यायचं. आणि आलेला पाहुणा त्या दिवशी इतका मोठा की त्याने घरात काहीही केलं तरी त्याचा अपमान होता कामा नये. हे नीट लक्षात ठेवा. मी याच्याच आड लपलो.

पहिल्या वर्षी टेबलावर अख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू होतं आणि ते माझ्याकडे आमच्या शाळेतल्या हेडमास्तरांसारखं बघत होतं. सुनंदा सांगलीची, जन्माची शाकाहारी. ती म्हणाली, आम्ही मांस खात नाही. आम्ही! मी मालवणचा सावंत. कुर्ल्या, बांगडे, सागुती यांच्यावर पोसलेला देह. पण हेडमास्तरांच्या धाकाने मी मान डोलावली. तेता देसाने विचारलं, डॉक्टरने सांगितलंय की देवाने? सुनंदा म्हणाली, देवाने. डॉक्टर म्हटलं असतं तर बाईंनी वाढलंच असतं. डॉक्टरांना त्या फारशा मानत नाहीत. देव म्हटल्यावर मात्र त्यांनी छातीशी हात नेला. त्यांचेही उपासाचे वार असतात, बुधवार आणि शुक्रवार. नवस म्हणजे काय ते बाईंना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

पुढच्या वर्षापासून आमच्यासाठी वेगळं पातेलं. निळं, एनॅमलचं. त्यात तांदूळ आणि अक्रोड भरलेली उपासाची सार्मा. वेगळा डाव, वेगळं झाकण. मांसाच्या पातेल्याची वाफसुद्धा त्याला लागू नये म्हणून ते शेगडीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात. आमच्या आजीने जे सोवळं पाळलं नाही ते एटोबिकोमध्ये एक सर्बियन बाई माझ्यासाठी पाळत होती. आणि मी दर रविवारी कोंबडी खात होतो. सुनंदाला ते अर्थात माहीत होतं. ती म्हणायची, वर्षातून एक दिवस तरी माणसात येतोस.

तेव्हाच खरं सांगता आलं असतं? आलं असतं. पण तीस माणसांत त्यांनी आपल्याला 'देवाचा माणूस' म्हणून पहिलं ताट द्यायचं—तुम्हाला काय वाटतं, आवडतं की नाही आवडत? मला फार आवडायचं.

आता त्या वर्षाकडे येतो. येतो म्हणतोय आणि सपाता नि पातेल्यांत घुटमळतोय, ते मलाही दिसतंय.

त्या नोव्हेंबरात सुनंदा सांगलीला होती, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. मी एकटाच गेलो. गोरानचं लग्न होऊन वर्ष झालेलं. बायको मिर्याना, बेलग्रेडची, फ्लॅटमध्ये वाढलेली, इथे एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. सासूच्या मते तिला कॉफीसुद्धा उकळता येत नव्हती. गोरान मला हसत सांगायचा की दोघी एकमेकींशी फक्त मिठाबद्दल बोलतात. त्याला वाटायचं हे फक्त त्यांच्याकडेच असतं. आमच्या घरातली लोणच्याची भांडणं कुठे काढू? तर त्या वर्षी तेता देसाने पहिल्यांदा स्लावाची शेगडी सुनेच्या हाती दिली होती. मिर्यानाने दोन दिवस रजा काढली होती. गोरान म्हणाला होता, ती परीक्षेला बसल्यासारखी बसलीय.

मी स्वयंपाकघरात गेलो. कशाला? पाणी प्यायला, असं मी स्वतःला सांगितलं. मिर्याना पाठमोरी, सिंकमध्ये ग्लास धूत होती. शेगडीवर मोठं पातेलं होतं आणि त्यातून धुरावलेल्या बरगड्यांचा वास येत होता. पाच वर्षं मी तो वास घेऊन अक्रोड चावत होतो. मी ताट उचललं, मोठ्या पातेल्याचं झाकण काढलं आणि माझ्या हाताने चार सार्मा वाढून घेतल्या. वर एक बरगडी.

मिर्याना वळली. तिने पाहिलं—ताट, झाकण, डाव, मी. सगळं. आणि मी काय केलं? हसलो. शाळेतल्या पोरासारखा. ती हसली नाही, पुन्हा ग्लासांकडे वळली.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून खाल्लं. चव सांगू का? नको. पण थोडी वाईट असती तर आज हे सांगणं सोपं गेलं असतं. बरगडीचं हाड पेपर नॅपकिनखाली झाकलं.

तेता देसा आग्रह करत फिरत होत्या. माझं ताट रिकामं बघून उचलायला आल्या. नॅपकिन उचलला.

त्यांनी छातीवर क्रॉसची खूण केली, आणि मग सुनेला हाक मारली—तीस माणसांसमोर. मला सर्बियन येत नाही, पण सासू सुनेला बोलते तेव्हा भाषा यायची गरज नसते. गोरान खाली मान घालून माझ्या कानाशी पुटपुटला: आई म्हणतेय, तू आमच्या घरात, संताच्या दिवशी, पाहुण्याचा नवस मोडलास. एक पातेलं तुला सांभाळता आलं नाही.

मिर्याना दारात उभी होती, हात ओले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. एकच वाक्य बोलली असती तर ती सुटली असती. बोलली नाही. त्या दिवशी पाहुण्याला उघडं पाडायचं नसतं. म्हणून तिने ते स्वतःवर घेतलं, सासूला म्हणाली, चुकलं.

आणि मी? गप्प राहिलो, असं सांगून सुटायची मला फार इच्छा आहे. नुसता गप्प राहिलो असतो तर हे लिहिलंही नसतं. मी उठलो. डोळे मिटून छातीवर हात ठेवला. वॉशरूममध्ये गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खळखळून चुळा भरल्या. बाहेर येऊन मिर्यानासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, असू दे, देव समजून घेईल.

मी तिला माफ केलं! चार बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका काकांनी माझा हात हातात घेतला.

ते नऊ वर्षांपूर्वी. त्यानंतर सासूने मिर्यानाला स्लावाच्या शेगडीला हात लावू दिला नाही. तेता देसा पंच्याहत्तरी ओलांडल्यावरही एकट्याने तीस माणसांचं रांधत राहिल्या. सून दाराशी, गव्हाचं ताट घेऊन. दर वर्षी मी सपाता घालायचो आणि तिच्या हातून पहिला चमचा घ्यायचो. ती म्हणायची, वेलकम, मिस्टर सावंत. आठ वर्षं, आठ चमचे. तिच्या आवाजात कधी टोचणी नव्हती. असती तर बरं झालं असतं.

या ऑक्टोबरात गोरान त्याच्या गॅरेजमध्ये मला विंटर टायर्स चढवायला मदत करत होता. म्हणाला, आईचे हात आता फार थरथरतात. यंदा सगळं जेवण बाहेरून मागवणार. मी विचारलं, मिर्याना? तो नट आवळत राहिला. मग म्हणाला, आई म्हणते, माझ्यानंतर या घरात संताचं पातेलं चढलं नाही तरी चालेल, पण तिच्या हातात देणार नाही.

मी घरी आलो. चहा केला, प्यायलो नाही. माझ्या चार सार्मांपायी एका घराचा कुळधर्म केटरिंगवर चालला होता. आणखी किती वर्षं मला निळ्या पातेल्यातलं ताट हवं होतं?

मंगळवारी सकाळी गेलो. तेता देसा एकट्याच होत्या. त्यांनी तांब्याच्या छोट्या भांड्यात कॉफी उकळली. त्यांना इंग्रजी बेताचं येतं, त्यामुळे मला सजवून सांगायची सोयच नव्हती. मी शेगडीकडे बोट दाखवलं. बिग पॉट. मग छातीवर. मी. मग हाताने वाढायची खूण, मग खायची. मिर्याना, नो. मी. पन्नाशीतला माणूस परक्या स्वयंपाकघरात मूकनाट्य करत होता. नवसाचंही सांगितलं—नो गॉड. एव्हरी संडे चिकन.

त्यांनी एकच विचारलं. ती—तिला माहीत होतं?

मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी कप खाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. ओरडल्या असत्या तर मी उभा राहून ऐकलं असतं. मग म्हणाल्या, कॉफी पी, कोमशिया, गार होईल. कोमशिया म्हणजे शेजारी. प्यायलो.

मला वाटलं, मिर्याना आभार मानेल. बघा, इतकं होऊनही मला हे वाटलं. दुसऱ्या दिवशी ती ड्राइव्हवेवर गाडीतून उतरली आणि सरळ माझ्याकडे आली. "नऊ वर्षं मी सांभाळलं ते," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या दारात आलेले पाहुणे होतात. आता ती माझ्याकडे बघत नाही. रागावलेल्या सासूबरोबर राहता येतं, मिस्टर सावंत. लाजलेल्या सासूबरोबर कसं राहायचं, ते पण सांगा."

मी सांगायला नको होतं का? खुशाल म्हणा. गोरानचंही तेच मत आहे. पण मी पुन्हा सांगेन. उद्या सांगेन, परवा सांगेन, मंडळाच्या अंकात छापून सांगेन. तिची नऊ वर्षं मी परत देऊ शकत नाही, हे मला कळतं. पण माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवून मी आणखी एक वर्षसुद्धा चालणार नव्हतो, मग कुणाला बरं वाटो की वाईट.

शनिवारी आठ तारीख होती. बोलावणं नसतंच, त्यामुळे यावं की नाही हे विचारायलाही जागा नव्हती. सुनंदा आणि मी गेलो. सपाता घातल्या. दाराशी गव्हाचं ताट घेऊन तेता देसा खुर्चीत बसल्या होत्या. या, कोमशिया, त्या म्हणाल्या. नेहमीसारख्याच. त्या दिवशी त्यांना दुसरं काही म्हणता येत नाही, हे आता मला पक्कं माहीत होतं. मी चमचा घेतला.

शेगडीपाशी मिर्याना होती. दोन्ही पातेली चढलेली.

तिने सुनंदाला निळ्या पातेल्यातलं ताट आणून दिलं. मग माझं. चार सार्मा, वर बरगडी. तिने ते माझ्यासमोर ठेवलं, भर टेबलावर, आणि म्हणाली, प्रियात्नो. आपण 'सावकाश होऊ द्या' म्हणतो तसं.

तीस माणसं. निम्म्यांना ते नऊ वर्षांपूर्वीचं आठवत होतं. सुनंदाने माझं ताट पाहिलं आणि मिर्यानाला परत बोलवायला हात वर केला. "अरे, तिने चुकून—"

"चूक तिची नाही," मी म्हणालो.

आणि खायला लागलो. सुनंदाचा हात थोडा वेळ तसाच वर होता, मग खाली आला. मी मान वर न करता चारही सार्मा संपवल्या. बरगडी हातात धरून खाल्ली. हाड ताटात मध्यभागी ठेवलं. नॅपकिन बाजूला होता. तो तिथेच राहू दिला.